व्हायवॅक्स मलेरियाच्या पेशंटचा जी-६-पीडी 'नॉर्मल' आला, रिपोर्ट तसाच द्यायचा का?

घणसोली_लॅब
पावसाळा आहे, बांधकाम साइटवरचे मलेरियाचे पेशंट वाढलेत. एक केस: पुरुष, वय २४, वजन ६० किलो, व्हायवॅक्स पॉझिटिव्ह. प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-६-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असलं तर प्रायमाक्विनने पेशी फुटतात) मागवलाय. स्पॉट टेस्टमध्ये अतिनील प्रकाशात रक्ताचा ठिपका चमकला, म्हणजे नॉर्मल. पण हिमोग्लोबिन ८.२, रेटिक (रेटिक्युलोसाइट, कोवळ्या लाल पेशी) ९ टक्के, बिलिरुबिनही वाढलेलं. सरळ 'नॉर्मल' लिहू का? आणि हे एन्झाइम कमी असलं तर प्रतिकारशक्तीही कमी असते का?

कळवा_हिमॅटो
नुसतं 'नॉर्मल' लिहू नका. हे एन्झाइम कोवळ्या लाल पेशींत भरपूर असतं आणि पेशीचं वय वाढेल तसं घटत जातं. हिमोलिसिसमध्ये, म्हणजे लाल पेशी फुटू लागल्या की, जुन्या पेशी आधी फुटतात. तुमच्या नळीत उरल्या त्या तरुण पेशी आणि अस्थिमज्जेतून नुकत्याच आलेल्या रेटिक्युलोसाइट. कमतरता असलेल्या माणसाचाही ठिपका अशा वेळी चमकू शकतो. शेरा असा द्या: 'रेटिक ९ टक्के, कमतरता नाकारता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.' अलीकडे रक्त चढवलंय का तेही विचारा, नाहीतर रक्तदात्याचंच एन्झाइम मोजलं जाईल.

उलटी चूकही होते. हिमोग्लोबिन फार कमी असलं की ठिपक्यात पेशीच कमी पडतात आणि चमक फिकी दिसते. म्हणून शक्य असेल तिथे क्वांटिटेटिव्ह (एन्झाइम आकड्यात मोजणारी टेस्ट) करा. तो निकाल दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे येतो. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या असतील तर बफी कोट (पांढऱ्या पेशींचा थर) काढून टाका, त्यांच्यातही हे एन्झाइम असतं. सॅम्पल रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए नळीत, २ ते ८ अंशांवर; गोठवायचं नाही. प्रत्येक बॅचला माहितीतला नॉर्मल कंट्रोल लावाच.

वाशी_फिजिशियन
क्लोरोक्विन यासाठी थांबवू नका: १०, १० आणि ५ मिग्रॅ प्रतिकिलो, तीन दिवस. रक्तातले परजीवी त्यानेच मरतात. प्रायमाक्विन लागतं ते यकृतात दडून बसलेल्या सुप्त परजीवींसाठी (हिप्नोझोइट), ते नंतरही देता येतं. नेहमीचा डोस ०.२५ मिग्रॅ प्रतिकिलो, १४ दिवस. ६० किलोला रोज १५ मिग्रॅ. एन्झाइम नॉर्मलच्या ३० टक्क्यांच्या खाली निघालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा ०.७५ मिग्रॅ प्रतिकिलो, आठ आठवडे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला अजिबात नाही. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर गोळी बंद करून लगेच दाखवायला यायचं, हे पहिल्याच दिवशी पेशंटच्या भाषेत सांगा.

बायकांच्या बाबतीत जास्त जपा. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने एकच सदोष प्रत असलेल्या बाईचं एन्झाइम बऱ्याचदा ३० ते ७० टक्क्यांत असतं, आणि स्पॉट टेस्टला ती नॉर्मल दिसते.

इम्युनो_ठाणे
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जंतू मारायला सुपरऑक्साइड हे जहाल रसायन बनवतात, त्याला एनएडीपीएच हे दुसरं रसायन लागतं आणि ते पुरवण्यात जी-६-पीडीचा मोठा वाटा असतो. तरी बहुतेकांची प्रतिकारशक्ती शाबूत राहते, कारण पांढऱ्या पेशीला केंद्रक आहे, ती नवं एन्झाइम बनवत राहते. लाल पेशीला ती सोय नाही. अगदी तीव्र कमतरतेच्या विरळ प्रकारांतच वारंवार जंतुसंसर्ग दिसतो.

मलेरियात तर गोष्ट उलटीच आहे, कमतरता थोडं संरक्षणच देते. परजीवी प्लाझ्मेप्सिन, फाल्सिपेन या एन्झाइमांनी हिमोग्लोबिन तोडतो. त्यातून सुटणाऱ्या हीममुळे (हिमोग्लोबिनचा लोह असलेला भाग) पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. कमतरता असलेल्या पेशीला तो झेपत नाही, तिचं आवरण लवकर बिघडतं, आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी) तिला परजीवीच्या सुरुवातीच्या रिंग अवस्थेतच गिळून टाकतात.

घणसोली_लॅब
शेरा लिहून क्वांटिटेटिव्हसाठी नवीन नळी मागवतो. रेटिकचा आकडा त्याच पानावर छापतो.