उडीच्या आधी, पडल्यावर : गोव्यातल्या पार्कूरचे अनुभव

चिरेबंदी, पणजी

आमच्या वाड्यावरच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने गेल्या महिन्यात शाळेमागच्या गडग्यावरून उडी मारली. मोबाइलवर पार्कूर, म्हणजे भिंती, कठडे, पायऱ्या अशा अडथळ्यांवरून धावत, उड्या मारत, चढत जायचा प्रकार, बघून बघून शिकलेली. उडी छान झाली, मी व्हिडिओ पाहिलाय. पण गडग्यापलीकडची माती पावसाने वाहून गेली होती आणि खालचा जांभ्याचा चिरा उघडा पडला होता. त्याच्या कडेवर पाय पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी त्याची आजी माझ्याकडे आली. वाड्यावर ‘उडक्यो मारपी बाय’ म्हणून मीच माहीत. म्हणाली, “तुका कशें लागना गो?”

मी तिला खरं ते सांगितलं. मला लागतं. नऊ वर्षांत दोनदा घोटा, एकदा मनगट, आणि नडग्यांवरचे वण तर मोजलेलेच नाहीत. पण पडायचं कसं आणि पडल्यावर करायचं काय, हे मला शिकवणारं कुणीतरी होतं. त्या मुलाला कुणी नव्हतं.

म्हणून हा धागा. किती लांब उडी जमली ते इथे नको. कुठे चुकलं, पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय केलं, आणि आता घराबाहेर पडण्याआधी काय तयारी करता, ते लिहा. सुरुवात मी करते.

किनाऱ्याजवळच्या एका जुन्या इमारतीचं लोखंडी रेलिंग. दरवर्षी गणेश चवथीआधी रंग लागायचा, त्यामुळे लांबून अगदी नवं वाटायचं. खारी हवा लोखंड रंगाच्या आतून खाते, हे मला माहीत होतं. गज सिमेंटात शिरतो तिथे रंगाला बारीक फुगे आले होते, तेही मी पाहिले होते. तरी कॅट लीप घेतली, म्हणजे उडी मारून हातांनी समोरची कड पकडून लटकायचं. दोन्ही हातांवर सगळा भार आला आणि गज बुंध्याशी तुटून माझ्याबरोबर खाली आला. खाली येताना मी उजवा हात मागे टेकला.

सूज फारशी नव्हती. दुखत होतं ते अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की मनगटाला जी खळगी पडते तिच्या तळाशी. त्या दिवशीच्या एक्सरेत काही दिसलं नाही, ‘मुरगळलंय’ म्हणून मला घरी पाठवलं. बाराव्या दिवशीही मला बाटलीचं झाकण उघडता येईना, म्हणून पुन्हा एक्सरे काढला, तर त्या खळगीखालच्या छोट्या हाडाला तडा. या हाडाचा तडा पहिल्या दिवशी एक्सरेत लपू शकतो आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने ते उशिरा जुळतं, हे मला तेव्हा कळलं. आठ आठवडे प्लास्टर होतं. हातावर पडला असाल आणि दाबल्यावर त्या खळगीत दुखत असेल, तर पहिला एक्सरे चांगला आला म्हणून सोडून देऊ नका. दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा, तोवर मनगटाला आधार असू द्या.

आता कुठल्याही लोखंडाला मी आधी बुंध्याशी बघते. मग बोटाच्या पेराने ठोकते. मग अर्ध्या भाराने लटकते, मग पूर्ण, मग झोका देऊन. एवढं झाल्यावर उडी.


सांत्वाक, मडगाव

मी शाळेत विज्ञान शिकवतो. लहानपणी मल्लखांब केला, पार्कूरला तिशीत लागलो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी फळ्यावर एकच हिशेब करून दाखवतो, तोच इथे देतो.

दीड मीटर उंचीवरून सरळ खाली आलात तर जमिनीला पाय लागताना वेग ताशी साधारण 20 किलोमीटर असतो. तो वेग कुठेतरी जिरवायचा असतो. गुडघे आणि कंबर वाकवत पन्नास सेंटिमीटरांत थांबलात, तर पायांवर येणारा सरासरी जोर आपल्या वजनाच्या चौपट. पाय ताठ ठेवून पाच सेंटिमीटरांत थांबलात, तर एकतीस पट. साठ किलोच्या मुलाला हे 240 किलो आणि 1860 किलो असं सांगितलं की वर्ग गप्प होतो.

चवड्यांवर उतरा, टाच हलकेच टेकू द्या, गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेच वाकू द्या, आत पडू देऊ नका. उतरताना आवाज आला तर ती उडी मी मोजत नाही. आवाज म्हणजे न जिरलेला जोर. पंधरा दिवस आम्ही फक्त एका पायरीवरून उतरतो. मुलं कंटाळतात, काही सोडून जातात. जी राहतात त्यांचे गुडघे मी निर्धास्तपणे बघू शकतो.

उतरल्यावरची लोळणही अशीच गवतावर, गुडघ्यावर बसून सुरू करायची. हनुवटी छातीशी, उजव्या खांद्याच्या मागून पाठीवर तिरकं, डाव्या कुल्ल्यावर बाहेर. कण्यावरून सरळ लोळलात तर प्रत्येक मणका फरशीवर वाजतो.


फोंड्याची आई

मी स्वतः उड्या मारत नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याला नाही म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं, आणि त्या संध्याकाळनंतर मी ते शंभर वेळा तपासून पाहिलं.

मैदानातल्या दोन आडव्या बारांमधून पाय पुढे टाकून निसटायचं, असा काहीतरी प्रकार होता. हात घामाने सुटला आणि डोक्याची मागची बाजू खालच्या बारवर आदळली. बेशुद्ध पडला नाही. उठला, हसला, चड्डी झटकली. रक्त नाही, टेंगूळही लहानसं. मित्र म्हणाले, “काही नाही झालं काकी.” तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “आई, बाबा किती वाजता येणार?” मी म्हटलं, आठला. त्याने चपलेचा पट्टा लावला आणि विचारलं, “आई, बाबा किती वाजता येणार?” मला वाटलं, नीट ऐकलं नसेल. पट्टा पुन्हा काढला, पुन्हा लावला, आणि तिसऱ्यांदा तेच, त्याच सुरात.

तिथे माझे हात गार पडले. 108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत त्याने एकदा उलटी केली. तिथल्या एका भल्या माणसाने पाण्याची बाटली आणली, तोंडाला लावायला निघाले होते, फोनवरच्या बाईंनी नको म्हणून सांगितलं. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं, स्कॅन झाला, आत रक्तस्राव नव्हता. रात्रभर लक्ष ठेवायला ठेवून घेतलं.

मग डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी फ्रीजवर चिकटवलंय. डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही ठीक म्हणालं तरी. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गोंधळ, जागं करता न येणारी झोप, फिट, हातापायात अशक्तपणा, यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. दोन दिवस शांत, मोबाइल कमी, मग चालणं, मग शाळा, मग हलका व्यायाम. एकेक पायरी, आणि त्रास झाला तर एक पायरी मागे. उड्यांना परवानगी शेवटी आणि डॉक्टरांच्या शब्दानंतरच. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जास्त धोक्याचा असतो.

तो पुन्हा जातोय. मी बाकावर बसते. सांत्वाक सर, पायऱ्यांचं वाचून बरं वाटलं. तुमच्याकडे तेरा वर्षांची मुलं घेता का?


सांत्वाक, मडगाव

ताई, घेतो. रविवारी सकाळी. पहिल्या दिवशी तुम्हीही या आणि शेवटपर्यंत बसा. आईबाप बघत असतील तर मलाही बरं वाटतं.


घोटा-गुडघा, म्हापसा

फिजिओ आहे, म्हणून थोडक्यात.

मुरगळलेल्या घोट्याला तेल चोळायचं आणि ओढून ‘बसवायचं’ हे पहिल्या दिवसांत करू नका. माझ्याकडे येणाऱ्या वाईट घोट्यांपैकी बरेच तसे बिघडलेले असतात. आधार द्यायचा, पाय उंच ठेवायचा, दुखणं कमी व्हायला बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं.

एक्सरे लागेल का? चार पावलं टाकता येत नसतील तर लागेल. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि खालचं टोक दाबून बघा, आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा असतो तोही. नेमकं हाडावर दुखत असेल तर एक्सरे काढा.

खरी चूक तिसऱ्या आठवड्यात होते. सूज उतरते, दुखत नाही आणि माणूस भिंतीवर चढतो. लिगामेंट ताणली गेली की पाऊल कुठे, कसं पडलंय हे घोट्याला नीट कळेनासं होतं, आणि ते आपोआप परत येत नाही. डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद उभं राहता येतं का? दुखऱ्या पायावर टाच वर-खाली दुसऱ्या पायाइतक्या वेळा होते का? जागच्या जागी एका पायावर उड्या न डगमगता जमतात का? हे तिन्ही होईपर्यंत जमिनीवरच राहा.


शेवाळ, डिचोली

आमच्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर काही करायचं नाही, हा नियम मी सतरा टाके घालून घेतल्यावर केला.

चिरा कोरडा असताना त्याच्यासारखी पकड कशाला नाही. भोकाभोकांचा, खरखरीत. पण दोन गोष्टी. त्याची कड ठिसूळ असते, हातात मूठभर येऊ शकते, म्हणून कडेवर प्रिसिजन, म्हणजे नेमक्या जागी दोन्ही पायांवर उतरायची उडी, करताना आधी ती टाचेने दाबून बघावी. आणि पावसात त्या सगळ्या भोकांत शेवाळ धरतं. ऑक्टोबरात वरून ऊन पडून ते काळं, वाळलेलं दिसतं, आणि सावलीच्या बाजूला आत ओलंच असतं. मी घसरलो तो पाऊस संपून तीन आठवड्यांनी, लख्ख उन्हात. भिंतीच्या उत्तरेच्या अंगाला पाय लावला आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगी सोलली गेली.

त्या जखमेत लाल कण बसले होते. मित्राने रुमाल बांधायला घेतला, पण तिथल्या एका आजोबांनी आधी विहिरीवर नेऊन कळशीने धार धरली, कण निघेपर्यंत, मग साबण. टाके घालताना डॉक्टर म्हणाले की हे धुतलं म्हणून बरं. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते मला आठवेना. मळकी जखम असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. तारीख आता पाकिटात लिहून ठेवलीय.

पावसाळ्यात पडवीत चार पायांवर चालणं, बैठका, दोरीला लटकणं. ऑक्टोबरात मी पूर्वीपेक्षा ताकदीने बाहेर पडतो.


पाडेल्याची पोर, काणकोण

माझे बाबा पाडेली होते. चाळीस वर्षं माड चढले. मी पार्कूर करते हे कळल्यावर ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, “चढण्याआधी काय बघतेस?” मला उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला बरोबर नेलं. माडाजवळ गेले तर आधी वर बघितलंच नाही. बुंध्याभोवती फिरले, मुळं कुठे उघडी पडलीत ते पायाने चाचपलं. कोयतीच्या मुठीने खोड दोन-तीन ठिकाणी ठोकलं आणि कान लावला. मग तळहात खोडावर सपाट ठेवून तसेच उभे राहिले, दव आहे का बघायला. मग वर बघितलं, सुकलेली झावळी कुठे लोंबते ते. मग खाली, पडलो तर कुठे पडेन ते. खाली एक दगड होता, तो उचलून बाजूला ठेवला. मग पाय पुसले. एवढ्यात मिनिटभरही गेलं नसेल. त्या दिवशी दोन माड त्यांनी चढलेच नाहीत. मालक काही बोलला, ते फक्त मान हलवून पुढे गेले.

मी अगदी तेच करते. उतरायची जागा आधी पायी चालून येते, खडे-काचा उचलते, बुटाचे तळवे पुसते. मिरामारसारख्या ठिकाणी वाळूत सराव करून थेट फरशीवर येणाऱ्यांनी तर पुसायलाच हवेत, तळव्याला चिकटलेली वाळू फरशीवर खड्यांसारखी फिरते. आणि ज्या दिवशी जीव मागे ओढतो त्या दिवशी उडी नाही.

पार्कूर सुरू करणाऱ्या फ्रान्समधल्या डेव्हिड बेलनेही हे वडिलांकडूनच घेतलं, आणि ते वडील पॅरिसच्या अग्निशमन दलात होते, हे वाचलं तेव्हा बाबांना सांगितलं. म्हणाले, मग त्या माणसाला खाली बघायची सवय असणार.


चिरेबंदी, पणजी

पाडेल्याची पोर, बाबांना माझा नमस्कार सांग. दगड उचलून बाजूला ठेवण्याचं वाचून मी थांबले. त्या मुलाच्या पायाखाली तोच चिरा होता.

कुणीतरी पिशवीत काय ठेवता ते विचारलं होतं. क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, त्रिकोणी पट्टी, ओआरएसची दोन पाकिटं, आणि जखम धुवायला वेगळी एक लिटर पाण्याची बाटली, जी प्यायची नाही. आतल्या कप्प्यात कार्डावर रक्तगट, ॲलर्जी, घरचा नंबर आणि धनुर्वाताची तारीख. दीनदयाळ योजनेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डाची प्रतही असते. एकटी मी जात नाही. नव्या जागी गेलो की आधी जवळची खूण ठरवतो, कपेल (छोटं चर्च), शाळा, बसथांबा, म्हणजे 108 वाल्यांना ‘तिथे किल्ल्यामागे’ असं सांगावं लागत नाही. कुणी पाठीवर किंवा मानेवर पडलं आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तर उचलायचं नाही, बसवायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून गाडीची वाट बघायची. हे आम्ही महिन्यातून एकदा खोटंखोटं करून बघतो, प्रत्येकाची पाळी येते.

त्या मुलाचं प्लास्टर पुढच्या बुधवारी निघतंय. घोटा-गुडघा यांनी लिहिलेल्या तिन्ही परीक्षा मी त्याला कागदावर उतरवून दिल्यात. या रविवारी तो कांपालला नुसता बघायला येणार आहे, कुबड्या घेऊन. आजीही येते म्हणालीय, तिला पायरीवरून उतरणं कसं असतं ते बघायचंय.