चूल वेगळी झाली की भाऊ परका?

तापीकाठ: गावच्या ग्रुपवर काल एकाने टाकलं, "एका चुलीवर जेवतं तेच कुटुंब. वेगळं निघाले ते नुसते भाऊबंद." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. माझा धाकटा सुरतला लूमवर आहे, चूल तिकडेच. वडिलांच्या बायपासचे निम्मे पैसे त्याने भरले. एका चुलीवर जेवणाऱ्या थोरल्याने गाडीच्या हप्त्याचं कारण पुढे केलं. आता कुटुंबातला कोण?

पिंपळपार: काय भो, पैसे पाठवायला काय लागतं? रात्री दोनला लघवीची पिशवी कोणी रिकामी केली, ते लिही की.

तापीकाठ: थोरल्या वहिनीने. थोरल्याने नाही.

सातबारावाला: सरकारला विचारा. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 वर्षांखालची पोरं. म्हातारा-म्हातारी त्यात नाहीतच. आमच्या वाड्यात वर्षाच्या 6000 साठी तीन कुटुंबं झाली. चूल अजून एकच आहे.

लेक_माहेरची: आमच्याकडे खानदेशात कुटुंबात कोण ते श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा कळतं. पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू, आणि त्या गव्हाचा प्रसाद, म्हणजे रोट, फक्त भाऊबंदांनी खायचा. गेल्या श्रावणात माझ्या पोरीने रोटाच्या पुरणपोळीला हात लावला तर मामीने ताटच ओढून घेतलं. सख्ख्या आजोळी!

पिंपळपार: ताई, तो कुळाचार आहे. विषय काय, तुम्ही नेताय कुठे?

लेक_माहेरची: रोटाला परकी, आणि जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घ्यायची तेव्हा "आपलीच पोर". 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मापासून हक्क आहे. तेव्हा बाप हयात नसला तरी, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलं.

सातबारावाला: महाराष्ट्रात 1994 लाच आलं होतं ते. फक्त त्याआधी लग्न झालेल्या पोरी वगळल्या होत्या.

पिंपळपार: झाले वकील गोळा. बहिणीने हिस्सा नेला तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिला बोलवायचं कोणी? दरवर्षी साडी, गाडीभाडं, परत जाताना डबाभर सांजोऱ्या. त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

लेक_माहेरची: मांडू या. सगळ्या साड्या परत घ्या, माझ्या वाट्याची केळीची बाग द्या. आखाजीला तुम्हीच या माझ्याकडे, सांजोऱ्या मी करीन.

तापीकाठ: मी बायपासचं विचारलं होतं हो.

पिंपळपार: तुझा धाकटा कुटुंबातला, जा. आणि ताई, पोरीला रोट द्यायला माझी ना नाही. लेकराच्या पुढचं ताट ओढणं वाईटच. पण जमिनीचं इथे काढू नका.

लेक_माहेरची: केवढं मोठं मन! येते मग श्रावणात. सातबाराचा उताराही काढून आणते.