मॅरेथॉनचा सराव एकही दिवस चुकला नाही, पण मजा गेली. नेमकं काय तपासू?

टेकडीखालचा

नमस्कार मंडळी. वय ४२, पुरुष, शाकाहारी, पुण्यात आयटीत नोकरी, धावण्याचं तिसरं वर्ष. आकडे आधीच देतो, म्हणजे विचारपूस वाचेल.

फुल मॅरेथॉन (४२.२ किमी; मुंबई, जानेवारी) ४ तास ३८ मिनिटं. हाफ २ तास ९ मिनिटं. आठवड्याला पाच दिवस मिळून ५२ ते ५५ किमी, त्यात रविवारी २२ ते २४. जवळपास सगळ्या धावा ६:४० च्या पेसने (किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद), सरासरी हार्ट रेट १५५. रविवारच्या या लाँग रनला फक्त पाणी आणि मधे एक केळं. पुढच्या जानेवारीत फुल ४:१५ मध्ये (४ तास १५ मिनिटं) करायचंय.

अडचण अशी की गेले सहा आठवडे साडेचारचा गजर झाला की पहिला विचार येतो, 'धो धो पाऊस असू दे'. तरी एकही दिवस चुकवलेला नाही. दुखापत नाही. ग्रुपवर ऐकायला मिळतं की पॅशन असेल तर मोटिव्हेशन लागत नाही. मग माझी पॅशन संपली का? नेटाने रेटू की थांबू?

स्प्लिटवाला

पॅशनचं नंतर बघू, आधी पेस. ४:३८ म्हणजे किलोमीटरला ६:३५. तुम्ही रोज ६:४० ने पळता. म्हणजे आठवड्यातले पाचही दिवस मॅरेथॉनचाच वेग, आणि तोही जुलैच्या हवेत, जिथे घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हार्ट रेट वर सरकतो. कमाल हार्ट रेटचं ढोबळ सूत्र २०८ वजा ०.७ गुणिले वय. तुमचा येतो १७९. सूत्र दहा ठोक्यांनी इकडेतिकडे होऊ शकतं, पण १५५ म्हणजे त्याच्या ८७ टक्के. याला कोणी इझी रन (आरामाची धाव) म्हणणार नाही.

या मधल्या वेगाची गंमत अशी की थकवा पुरेपूर येतो, पण खरा जोराचा सराव करायला पायांत काही उरत नाही. सहा-आठ आठवड्यांनी मन कुरकुरायला लागतं. ती बिचाऱ्या मनाची चूक नसते.

पाचपैकी चार धावा ७:२० ते ७:५० ने करा. घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी भरवशाची: दहा-बारा शब्दांचं वाक्य मधे श्वास न घेता पूर्ण झालं पाहिजे. चढावर होत नसेल तर चालायचं, लाजायचं नाही. पाचवी धाव जोराची: १५ मिनिटं वॉर्मअप, मग ८०० मीटर साडेचार मिनिटांत, मधे ४०० मीटर रमतगमत, असं सहा वेळा. सहावा फेरा पहिल्यापेक्षा दहा सेकंदांनी मागे पडला तर पुढच्या वेळी पाचच करा. पहिले दोन आठवडे ७:३० अपमानास्पद वाटतो, कारण कालपर्यंत मागे असलेले पुढे जातात. बहुतेक जण नेमके तिथेच ढेपाळतात आणि परत ६:४० वर येतात.

आता ४:१५. हाफवरून फुलचा अंदाज काढायला रीगेलचं सूत्र वापरतात, हाफची वेळ गुणिले साधारण २.०८५. तुमच्या २:०९ वरून ४:२९ येतो, आणि आठवड्याला ५५ किमीच्या मायलेजवर तोही थोडा आशावादीच. ४:१५ साठी हाफ २:०२ लागेल. म्हणजे आज प्रत्येक धाव तुम्हाला सांगते की तुम्ही मागे आहात. अशा सरावात मजा कशी टिकणार? जानेवारीसाठी ४:२८ धरा. नोव्हेंबरअखेर एक हाफ जोरात पळा आणि तिच्या निकालावर आकडा बदला.

नोंदवही

वरच्याशी सहमत, पण शरीराची तपासणी आधी. सलग सात सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातच, चहाच्या आधी नाडी मोजा. नेहमीपेक्षा ५ ते ८ ठोके जास्त आणि तेही तीन-चार दिवस सलग, तर थकवा साठलाय. सोबत झोपेचे तास, वजन आणि 'आज पळावंसं वाटतंय का' याला पाचपैकी गुण. एवढंच लिहा, जास्त लिहायला गेलात तर वही दोन दिवसांत बंद पडेल.

रक्तात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, डी ३ आणि टीएसएच (थायरॉईड) तपासा. शाकाहारी धावपटूने फेरिटिन आणि बी १२ वगळू नये. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि त्याचं पहिलं लक्षण बरेचदा 'उत्साह नाही' एवढंच असतं. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. शरीरात सूज असली की फेरिटिन खोटं वर दिसतं. दोन दिवस विश्रांती घेऊन मग द्या.

आणि ते केळं. २४ किमी म्हणजे जवळपास पावणेतीन तास, त्यात एक केळं म्हणजे २५ ग्रॅम कार्ब. गरज तासाला ३० ते ६० ग्रॅमची असते. दर ३५-४० मिनिटांनी केळं, एनर्जी जेल किंवा दोन-तीन खजूर घ्या. ओआरएसवर विसंबू नका. सरकारी प्रमाणाच्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम असतं. ते मीठपाण्यासाठी आहे, इंधनासाठी नाही. रविवारी दुपारी घरच्यांवर चिडचिड होत असेल तर आधी या उपासमारीकडे बघा.

घाटवाट

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. 'मजा' या शब्दाने घोळ होतो. ८०० मीटरच्या पाचव्या फेऱ्यात कोणालाही मजा येत नाही, आणि येऊही नये. ती नंतर येते, पोहे खाताना. त्यामुळे प्रत्येक धावेत आनंद शोधणं बंद करा. आठवड्यातून दोन धावांनंतर बरं वाटलं तरी गाडी ठीक चाललीये.

सकाळच्या नकोसेपणासाठी दहा मिनिटांचा नियम: बूट घालायचे, दहा मिनिटं पळायचं, तरी नको वाटलं तर परत फिरायचं आणि त्याचा हिशोब ठेवायचा नाही. लागोपाठ तीनदा परत फिरावं लागलं तर मात्र तो आळस नव्हे, थकवा. ताप, अंगदुखी किंवा एका जागी टोचणारं दुखणं असेल तर हा नियम लागू नाही. पावसाळ्यातल्या तापात तर अजिबात नाही. डेंगीनंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत बूट कपाटातच.

दुसरं म्हणजे कॅलेंडर. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. १६ आठवडे मागे मोजले की सप्टेंबरचा शेवट येतो. मग जुलैत तुम्ही मॅरेथॉनचा सराव का करताय? सहा महिने एकच आकडा डोक्यात ठेवला की शर्यतीआधीच कंटाळा येतो. आत्ता मायलेज ३५-४० वर आणा, चार दिवस पुरेत. रस्ता सोडा. पुण्यातली वेताळ टेकडी, तळजाई, नाहीतर आतकरवाडीतून सिंहगड. गडाचा चढ सुमारे ६०० मीटरचा आहे, तो चालत चढलात तरी मांड्यांना आणि दमाला भरपूर काम मिळतं. उतरताना शेवाळलेल्या दगडावर पळू नका. रोड शूजचा तळ तिथे साबणासारखा घसरतो. घड्याळ घरी राहू द्या, किंवा त्याच्या पडद्यावर फक्त वेळ ठेवा.

निवांत_मैल

मूळ प्रश्न पॅशनचा होता, तो राहूनच गेला. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ मध्ये पॅशनचे दोन प्रकार मांडले. एकीत आपण छंद करतो, तो बाकीच्या आयुष्यात मावतो. दुसरीत छंद आपल्याला करायला लावतो, आणि न केल्यास अपराधी वाटतं. बाहेरून दोघेही साडेचारला उठताना दिसतात. फरक कळतो तो चुकलेल्या दिवशी. धागाकर्ते, तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात खटकलेली ओळ 'एकही दिवस चुकवलेला नाही' ही आहे. तुम्ही ती पुण्याईसारखी लिहिलीत.

येत्या बुधवारी मुद्दाम पळू नका. बदल्यात जिम नको, गुरुवारी भरपाईचे किलोमीटर नकोत. दिवसभर काय वाटतं ते बघा. चुटपुट लागली तर ठीक. चिडचिड झाली, जेवण कमी करावंसं वाटलं, तर दुसऱ्या प्रकाराकडे कल आहे, आणि त्यावर जास्त शिस्त हा उपाय नाही.

बाकी किरकोळ पण उपयोगी: स्ट्राव्हावर (धावा नोंदवून इतरांना दाखवायचं अॅप) इझी रन 'फक्त मला दिसेल' असं ठेवा. तो ७:३० चार लोकांना दिसणार म्हटलं की पाय आपोआप ६:४० वर जातात. आठवड्यातली एक धाव आपल्यापेक्षा सावकाश माणसाबरोबर करा, बोलण्याची कसोटी वेगळी लावावी लागत नाही. रविवारी घरी पोचायची वेळ ठरवून सांगा आणि ती पाळा, मग दोन किलोमीटर कमी झाले तरी चालतील. शर्यत संपल्यावर महिनाभर पुढचा फॉर्म भरू नका. फिनिश लाइनच्या धुंदीत भरलेले फॉर्म मार्चमध्ये डोक्यावर बसतात.

टेकडीखालचा

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांची नोंद: नाडी ५८ ते ६०, आधी ५३ असायची. हिमोग्लोबिन १३.४, फेरिटिन १७, बी १२ काठावर. ७:३० ने पळतोय, हार्ट रेट १३८. बुधवार सोडला, दिवसभर चिडचिड झाली हे कबूल. लोहाच्या गोळ्या मेडिकलमधून आणून सुरू करू का?

नोंदवही

नको. पुरुषात फेरिटिन १७ इतकं कमी म्हणजे आधी कारण शोधायचं. आहार हे एक कारण, पण मूळव्याध, अॅसिडिटीच्या गोळ्या, आतड्यातून नकळत होणारा रक्तस्राव हेही डॉक्टरने तपासायला हवं. गोळी, डोस आणि किती दिवस हे त्यांनाच ठरवू द्या. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, तोवर ८०० चे फेरे बंद आणि बाकी सगळं ७:३० नेच. तुमच्या हातात आहे ते एवढंच की जेवणानंतर लगेच चहा नको, तास-दीड तास जाऊ द्या, आणि उसळीवर लिंबू पिळा.

निवांत_मैल

चिडचिड थोडी फेरिटिनच्याही खात्यावर टाका. पण पुढचा बुधवारही सोडा.