तीन तारे आणले म्हणजे संघ झाला का?

तीन मोठे तारे एकत्र आणले की एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद निश्चित होते, असे अनेकांना वाटते; हे मत मला पटत नाही. फिनिक्स सन्स या संघाने २०२३ मध्ये डेव्हिन बुकरच्या जोडीला केविन ड्युरंट आणि ब्रॅडली बील यांना आणले; तरीही २०२४ च्या प्लेऑफमध्ये (विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये) मिनेसोटाने त्यांना पहिल्याच फेरीत ४-० असे हरवले आणि पुढच्या हंगामात तर ते प्लेऑफपर्यंतही पोहोचले नाहीत.

याउलट डेन्व्हरच्या संघाने २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत) ४१ व्या क्रमांकावर निवडलेल्या निकोला योकिचभोवती धीराने संघ उभारला, गुडघ्याच्या दुखापतीमुळे २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसलेल्या जमाल मरेवरचा विश्वास ढळू दिला नाही, आणि बचावासाठी, तसेच चेंडू हातात नसताना बास्केटकडे धावणारा म्हणून ॲरन गॉर्डनला आणले. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कोर्टवर मुलांचे संघ पाडताना मला असाच खेळाडू सर्वांत दुर्मिळ वाटतो, कारण चेंडू प्रत्येकालाच हवा असतो.

असा संघ टिकवणे मात्र तो उभारण्याहून अवघड आहे. डेन्व्हरने २०२३ चे विजेतेपद जिंकल्यानंतर लगेचच त्यांचा खेळाडू ब्रूस ब्राउन इंडियानाच्या संघाकडे गेला, कारण वेतनाच्या नियमांमुळे डेन्व्हरला त्याला इंडियानाएवढी रक्कम देताच येत नव्हती.