शनिवारचा सिनेमा: ‘द एन्डलेस समर’वरून सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०१ (सचिव): नमस्कार मंडळी. या शनिवारी क्लबहाऊसमध्ये ‘द एन्डलेस समर’ दाखवायचं ठरतंय. सामूहिक प्रदर्शनाच्या परवानगीचा मेल हक्कधारकांकडून आला आहे, त्यामुळे ती काळजी मिटली. सर्फिंगवरचा, साधारण दीड तासाचा माहितीपट आहे. हरकत किंवा सूचना असेल तर इथेच लिहा.

सी-४०३: सचिव साहेब, साठ वर्षांपूर्वीचा, दोन पोरं फळीवर उभी राहून लाटा खेळतात असा सिनेमा ना? मुलं दहा मिनिटांत मोबाईल काढतील. त्यात बघण्यासारखं काय आहे ते कुणीतरी सांगा.

बी-७०२ (संकलक): काकू, रास्त प्रश्न आहे. ब्रूस ब्राऊन या कॅलिफोर्नियातल्या माणसाने हा सिनेमा १९६३-६४ मध्ये चित्रित केला. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि निवेदन, सगळं त्याचंच. सोबत माइक हायन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे दोन तरुण सर्फर. खर्च सुमारे ५०,००० डॉलर. आधी नुसतं दक्षिण आफ्रिकेला जायचं होतं, पण केपटाऊनच्या परतीच्या तिकिटापेक्षा पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट ५० डॉलरने स्वस्त पडतंय असं ट्रॅव्हल एजंटने दाखवलं आणि सिनेमाचा आराखडाच बदलला. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती, हवाई असा प्रवास झाला.

आता तो टिकला का, ते सांगतो. हा सिनेमा थिएटरात १९६६ साली लागला. त्याआधी ब्राऊन रीळ घेऊन किनाऱ्यावरच्या गावांत फिरत होता. शाळेचा हॉल, सभागृह, मिळेल तिथे पडदा लावायचा आणि स्वतः माईक धरून निवेदन करायचा. कुठे हशा येतो, कुठे लोक चुळबुळ करतात, कुठे गप्प बसलं तर लाट जास्त चांगली दिसते, हे त्याला समोर बसलेल्या प्रेक्षकांकडून कळत होतं. चांगला कीर्तनकार तेच आख्यान गावोगाव लावतो आणि दर वेळी त्यातला फापटपसारा गळत जातो, तसं हे निवेदन घासून तयार झालं आहे. ते रेकॉर्ड झालं ते त्यानंतर. म्हणून आजही त्यात एक वाक्य जास्तीचं वाटत नाही. जागेवरचा संवाद नाही, मुलाखत नाही, तरी कंटाळा येत नाही.

डी-२०४: दादा, संवाद का नाहीत? ध्वनी घेतलाच नाही का?

बी-७०२ (संकलक): चित्राबरोबर ध्वनी घेणारी यंत्रणा जड आणि महाग असायची, शिवाय वेगळा माणूस लागायचा. ब्राऊनकडे १६ मिमीचा बोलेक्स कॅमेरा होता. तो चावीवर चालतो, बॅटरी लागत नाही. अशा प्रवासात हे सोयीचं, पण मर्यादा ऐका. पूर्ण चावी दिली तर सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने जेमतेम २८ सेकंद चालतो. १०० फुटी रिळात ४,००० चौकटी, म्हणजे पावणेतीन मिनिटांचं चित्रण. स्लो मोशनसाठी ६४ चौकटींचा वेग लावला की तेच रीळ मिनिटभरात संपतं आणि चावी सुमारे १० सेकंदांत उतरते. त्यामुळे सर्फर लाटेवर उभा राहतोय असं वाटलं की बटण दाबायचं. घाई केली तर लाट ऐन रंगात असताना कॅमेरा थांबणार, उशीर केला तर उभं राहण्याचा क्षण हुकणार.

रीळ बदलणं हेही एक काम. ही छोटी रिळं उजेडात भरता येतात असं म्हणतात, पण किनाऱ्यावरच्या लखलखाटात भरली तर कडेने प्रकाश शिरून चित्राच्या बाजूला पांढुरके पट्टे येतात. सावलीत, अंगाची आड करून भरायची. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीत, वाळूचा एक कण अडकला की पूर्ण रिळावर उभी रेघ. आणि हे सगळं फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नाही.

दक्षिण आफ्रिकेत केप सेंट फ्रान्सिसला लाट इतकी लांब चालते की पुष्कळशा फेऱ्या एका सलग तुकड्यात मावल्याच नाहीत. ब्राऊन निवेदनात ते सरळ सांगून टाकतो. तो प्रसंग आला की काप कुठे आहेत ते बघा. एकीकडे माणूस लाटेवरून पुढे सरकतोय आणि आवाज हळूच तो जोड झाकतोय. संकलन शिकणाऱ्या कुणालाही मी हाच भाग पुनःपुन्हा बघायला सांगेन.

सी-४०३: हे माहीत नव्हतं. बरं, नाव ‘एन्डलेस समर’ कशावरून?

ए-६०१ (कॅप्टन): कल्पना अशी की उत्तर गोलार्धात थंडी सुरू झाली की दक्षिणेला उतरायचं आणि उन्हाळ्याच्या मागे मागे जगभर फिरायचं. ऐकायला छान आहे, पण समुद्राच्या हिशेबाने ही उलटी चाल आहे. मोठ्या, लांब पल्ल्याच्या लाटा दूरच्या वादळांतून येतात आणि ती वादळं हिवाळ्यात जोरात असतात. दक्षिण गोलार्धाचा उन्हाळा म्हणजे तिथल्या लाटांचा मंदीचा हंगाम. म्हणून ऑस्ट्रेलियात गेल्यावर स्थानिक लोक त्यांना सांगतात की काल यायला हवं होतं, काल काय लाटा होत्या. ते ऐकून लोक हसतात, पण त्यामागे हवामानाचं कारण आहे. हवाईत मात्र उत्तर किनाऱ्याला हिवाळ्यातच लाटा उसळतात, त्यामुळे पाइपलाइन आणि वायमिया या तिथल्या लाटांच्या जागांची दृश्यं अंगावर येतात.

माझ्या मते सिनेमाचा जीव या हुकण्यातच आहे. पोचलो, लाट नाही, थांबलो, पुढे गेलो, हे त्याने कापून टाकलं नाही. केप सेंट फ्रान्सिसची लाट शेवटी समोर येते तेव्हा तिची किंमत कळते, ती आधीच्या सपाट पाण्यामुळे.

डी-२०४: कॅप्टन काका, त्या लाटेत विशेष काय? आपल्या गणपतीपुळ्याला पण चांगल्या मोठ्या लाटा असतात की.

ए-६०१ (कॅप्टन): उंचीपेक्षा लाट कशी फुटते ते महत्त्वाचं. लाट साधारण तिच्या उंचीच्या १.३ पट खोलीवर आली की फुटते. सरळ वाळूच्या किनाऱ्यावर तळ सगळीकडे सारखा चढत असेल तर अख्खी लाट एकदम कोसळते. सर्फरला पळायला बाजूच उरत नाही. भूशिराजवळ वेगळं होतं. लाटेचं किनाऱ्याकडचं टोक आधी उथळ पाण्यात शिरतं, त्याचा वेग कमी होतो, बाहेरचं टोक वेगातच असतं. लाट भूशिराभोवती वळते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने फुटत जाते. त्या फुटणाऱ्या फेसाच्या जरा पुढे, न फुटलेल्या उतारावर राहणं म्हणजे सर्फिंग. फेस फार जोरात मागे लागला तर माणूस गाडला जातो, फार हळू आला तर फळीचा वेगच मरतो. सिनेमात केप सेंट फ्रान्सिसला हा मेळ असा जमतो की लाट साच्यातून काढल्यासारखी येते.

दुसरं वाऱ्याचं. लाटेचा उतार गुळगुळीत राहायला वारा जमिनीकडून समुद्राकडे हवा. शाळेत शिकलेले मतलई वारे तेच. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे ते मिळतात. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले की पाणी खडबडीत होतं. सिनेमात लाटेच्या माथ्यावरून तुषार मागे, समुद्राकडे उडताना दिसले की समजा वारा जमिनीकडून आहे.

कोकणात पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात, पण वारा समुद्राकडून, पाणी गढूळ आणि ओढ जबरदस्त. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीसुद्धा बंद असते, त्यावरून काय ते समजा. सिनेमा बघून कुणी पोरांनी पावसात पाण्यात उतरायचं नाही. उरलेल्या काळात कधी ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर पोहायचं, पट्टा अरुंद असतो, बाहेर पडलं की मग तिरकं आत यायचं.

ए-३०२: काका, एप्रिल-मेमध्ये वारा नसतानासुद्धा केरळात पाणी घरात शिरतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

ए-६०१ (कॅप्टन): थेट संबंध. तिकडे त्याला कल्लक्कडल म्हणतात. दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांची लाट ती. १६ सेकंद अंतराच्या लाटांचा गट खोल समुद्रात ताशी सुमारे ४५ किलोमीटरने सरकतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटरच्या वर. त्यामुळे वादळ तिकडे विरून गेल्यावर काही दिवसांनी, इथे आकाश निरभ्र असताना लाट येते. हैदराबादची इनकॉइस संस्था तिचे इशारे देते, आपल्या किनारपट्टीसाठीही. त्या महासागरातली वादळंच दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला लाटा पुरवतात.

बी-७०२ (संकलक): काका, वा! हे शनिवारी सिनेमाआधी पाच मिनिटं सांगाच.

डी-५०१ (इतिहास शिक्षिका): एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते. सिनेमातला दक्षिण आफ्रिकेचा भाग चित्रित झाला तेव्हा तिथे वर्णभेद कायद्याने लागू होता. समुद्रकिनारेसुद्धा वाटलेले होते. १९६३-६४ मध्येच रिव्होनिया खटला चालू होता आणि जून १९६४ मध्ये नेल्सन मंडेलांना जन्मठेप झाली. सिनेमात याची गंभीर दखल नाही. घाना-सेनेगलमधल्या लोकांबद्दलचं निवेदनही वरून बघणाऱ्या पाहुण्याच्या सुरातलं आहे, काही विनोद आज टोचतात. सिनेमा जरूर दाखवा, मला स्वतःला तो आवडतो. पण आठवीच्या पुढच्या मुलांना हे आधी सांगायला हवं. आवड आणि प्रश्न दोन्ही एकत्र ठेवता येतात.

बी-७०२ (संकलक): ताई, पूर्ण सहमत. घानातल्या किनाऱ्यावर पोरं फळ्यांवर झेपावतात तो भाग बघताना मुलांना विचारा की कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे.

ए-३०२: त्या जागा आता कशा आहेत?

ए-६०१ (कॅप्टन): केप सेंट फ्रान्सिसच्या त्या लाटेला ब्राऊनच्या नावावरून ‘ब्रूसेस ब्यूटीज’ म्हणतात. सिनेमात दिसणाऱ्या वाळूच्या टेकड्या वाऱ्याने सरकत भूशिर ओलांडायच्या आणि पलीकडच्या किनाऱ्याला वाळू पुरवायच्या. पुढच्या काही दशकांत तिथे घरं झाली, झाडं लावून वाळू थांबवली गेली. पुरवठा तुटला, किनारा झिजू लागला. लाट येते, पण क्वचित, आणि सिनेमातल्या इतकी नेटकी तर फारच क्वचित. जवळच जेफ्रीज बे आहे, जगातल्या उत्तम लाटांपैकी एक. सिनेमात ते नाही, ही मंडळी जवळून गेली आणि हुकली.

सी-१०५ (ग्राफिक डिझायनर): पोस्टरचं मी बघते. मूळ पोस्टर १९६४ चं, जॉन व्हॅन हॅमर्सवेल्डचं. कॅलिफोर्नियातल्या डेना पॉइंटच्या सॉल्ट क्रीक किनाऱ्यावरच्या फोटोवरून केलं. फोटोतल्या सगळ्या मधल्या छटा काढून टाकल्या, माणसं सपाट काळ्या आकृत्या झाल्या, मागे झगझगीत गुलाबी, नारिंगी, पिवळा. पुढे डोक्यावर फळी घेतलेला आहे तो ब्राऊनच.

मुलांसाठी कृती: मोबाईलमधल्या फोटोचा कॉन्ट्रास्ट टोकाला न्या, काळा-पांढरा प्रिंट ए-३ वर काढा, आकृती कटरने कापा. पुठ्ठ्यावर आधी पिवळा, तो पूर्ण वाळला की सूर्याची चकती गुलाबीत, काळी आकृती सगळ्यात शेवटी. फ्लोरोसंट पोस्टर कलर पातळ केला तर गढूळ दिसतो, दोन हात घट्ट द्या. पाया पांढराच हवा, तपकिरी पुठ्ठ्यावर हे रंग मरतात. आणि नोटीस बोर्डाच्या उन्हाच्या बाजूला लावू नका, फ्लोरोसंट रंग उन्हात पटकन उडतात.

डी-२०४: त्यात सर्फर पडले की फळीमागे पोहत का जातात? पायाला दोरी का नाही बांधत?

ए-६०१ (कॅप्टन): ती दोरी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आली. तोवर फळी सुटली की खडकावर आपटून फुटायची. फळ्याही साडेनऊ-दहा फुटी, खाली एकच पातं (फिन) असलेल्या, जड. पटकन वळत नाहीत, म्हणून माणूस तिच्यावर चालतो, पुढे टोकापर्यंत जातो, मागे येतो. पावलं बघा, एकापुढे एक पडतात. दोन-तीन वर्षांतच आखूड फळ्या आल्या आणि ही चाल बरीच मागे पडली. तिचं इतकं स्वच्छ चित्रण मिळणं कठीण आहे.

सी-४०३: आता मीच पहिल्या रांगेत बसणार. पण हे थिएटरात चाललं कसं?

बी-७०२ (संकलक): वितरक म्हणाले, समुद्रापासून लांब हे कोण बघणार. मग ब्राऊनने ऐन हिवाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटा गावात, किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, थिएटर भाड्याने घेतलं. दोन आठवडे गर्दी झाली. तरी वितरक हलेनात. मग १६ मिमीवरून ३५ मिमी प्रत काढली आणि न्यूयॉर्कमध्ये किप्स बे थिएटरात स्वतःच लावला. तिथे तो महिनोन्‌महिने चालला, तेव्हा वितरक आला. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, त्याची नोंद झाली.

ए-१०१ (सचिव): सगळ्यांचे आभार. आता मांडणीचं सांगा. प्रोजेक्टर आपलाच.

बी-७०२ (संकलक): प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ आहे, ८ फूट रुंद चित्रासाठी भिंग पडद्यापासून १२ फुटांवर. मूळ १६ मिमीची चौकट ४:३, म्हणून १६:९ च्या त्या चित्रात सिनेमा ६ बाय साडेचार फूट दिसेल. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्या, ‘स्ट्रेच’ आणि ‘झूम’ बंद. ताणलं तर माणसं बुटकी आणि लाटा चपट्या होतात. हालचाल गुळगुळीत करणारं ‘मोशन स्मूदिंग’ही बंद, नाहीतर ती कृत्रिम दिसते. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सेटिंग) वापरू नका, टेबलाखाली विटा घालून सरळ करा. निवेदन एकाच आवाजात आहे, तेव्हा एकच स्पीकर, पडद्याच्या खाली मधोमध. दोन कोपऱ्यांत दोन ठेवले की हॉल घुमतो आणि शब्द कळत नाहीत. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा. ज्येष्ठांसाठी सबटायटल चालू ठेवा.

ए-१०१ (सचिव): ठरलं. पश्चिमेच्या खिडक्यांतून उजेड येतो म्हणून ७:३० ला सुरुवात. ७:१५ ला कॅप्टन काका, त्यानंतर ताईंचे पाच मिनिटं. सतरंज्या बी विंगने आणाव्यात, विटा वॉचमनकडे सांगून ठेवतो. सी-४०३ काकू, पहिली रांग पडद्यापासून निदान ९ फूट मागे असेल, चालेल ना?

सी-४०३: चालेल. आठ खुर्च्या आमच्या धरा, माहेरची मंडळीही येणार आहेत.