पिरान्हाची शेपटी खाल्लीये, पाणी पण वास मारतंय, काय करू?

घाटकोपरकर९
मंडळी मदत करा. कुर्ल्याच्या एका दुकानातून रेड बेली पिरान्हाची चार पिल्लं आणली, दुकानदार बोलला दोन फुटी टँक बास आहे, रोज चिकन घाला, मस्त वाढतील. आता एकाची शेपटी अर्धी गायब, बाकीचे कोपऱ्यात चिकटून बसतात, पाणी पांढुरकं झालंय आणि हॉलमध्ये असा वास की आई म्हणते एकतर हे राहतील नाहीतर मी. रोज अख्खं पाणी बदलतोय तरी तेच. औषध कुठलं टाकू?

दादरचा_डिस्कसवाला
औषध राहू दे. अख्खं पाणी बदलतोस आणि बहुतेक फिल्टरचा स्पंजपण नळाखाली धुतोस (सगळेच धुतात), घोटाळा तिथेच आहे. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्या स्पंजमध्येच बसतात, नव्या टँकमध्ये ते जमायला महिना-दीड महिना लागतो आणि म्युन्सिपाल्टीच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारून टाकतं, मग तू परत शून्यावर. पाव टँकच पाणी बदल, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन टाकून, आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळ. अमोनियाची टेस्ट किट आण, झीरो येईपर्यंत हे रोज कर, नंतर आठवड्यातून एकदा पुरे.
चिकन बंद. त्याची चरबी पाण्यावर तरंगते. सोललेली कोळंबी, बिनमिठाची, एक दिवसाआड, आणि दहा मिनिटांत उरलेलं उचलायचं. जिवंत गोल्डफिश घालायची हौस असेल तर तीपण नको, त्यांच्यासोबत रोग येतात.
शेपटी पाणी सुधारलं की बहुतेक परत येईल, मुळापासून गेली नसेल तर. कोपऱ्यात बसतात कारण पिरान्हा भित्रा असतो, सिनेमावाल्यांनी उगाच बदनाम केलाय. लाईट कमी कर, एखादं लाकूड टाक.

वसईची_ताई
अरे पण आधी पिरान्हाच आहेत का ते बघ! आपल्याकडे त्या नावाने सर्रास रूपचंदची पिल्लं विकतात, म्हणजे पाकू, लहानपणी त्याचंही पोट लालच. ते कोळंबी खाताना त्यांचं तोंड बघ, बोट नको घालूस. तिकोनी धारदार दात आणि खालचा जबडा पुढे आलेला असेल तर पिरान्हा, माणसाच्या दाढांसारखे सपाट असतील तर रूपचंद. काकडीची चकतीपण टाकून बघ, तुटून पडले तर बहुतेक रूपचंदच.

दादरचा_डिस्कसवाला
ताई बरोबर बोलल्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पण दोन्हीकडे दोन फुटी टँक कामाचा नाही. २ × १ × १ फुटात जेमतेम ५६ लिटर पाणी बसतं. चार पिरान्हांना ४ × २ × २ तरी हवा, त्यात नुसतं पाणीच साडेचारशे किलोच्या वर, जुन्या बिल्डिंगमध्ये असाल तर स्लॅबचं आधी विचारून घे.

घाटकोपरकर९
काकडी दोन मिनिटांत साफ 😭 दात सपाट. फसवलं राव. किती मोठे होतात हे?

वसईची_ताई
दोन फुटांच्या वर जातात. दुकानदाराला परत दे, नाही घेतले तर मोठं तळं असलेला कोणी शोध, ओळखीच्या मत्स्यशेतीवाल्याला विचार. पवई तलावात किंवा विहिरीत सोडू नकोस हं, तिथल्या माशांची वाट लागते. तोवर भिजवलेले पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या), पालक, काकडी दे, कोळंबी अधूनमधून.

घाटकोपरकर९
ओके ताई. आई विचारतेय, मासळीबाजारात मिळतो तोच हा रूपचंद का 😅

वसईची_ताई
तोच. पण औषधं टाकलेल्या टँकमधला खायचा नाही, सांग त्यांना.