मदत हवी आहे: डेटाबेसमधून सॉफ्टवेअर आर्किटेक्टच्या (पूर्ण सिस्टिमचं डिझाइन ठरवणाऱ्याच्या) कामाकडे कसं वळायचं?

९ वर्षं बॅकएंड डेव्हलपर आहे. त्यातली शेवटची ५ पोस्टग्रेस या डेटाबेसवरच गेली: क्वेरी ट्यूनिंग (क्वेरी वेगवान करणं), पार्टिशनिंग (मोठं टेबल तुकड्यांत विभागणं), रेप्लिकेशन (डेटाच्या प्रती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणं). आता आर्किटेक्ट व्हायचंय. मुलाखतीत डेटाचा भाग छान जातो. पण सिस्टिम वेगवेगळ्या सर्व्हिसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या भागांमध्ये) कुठे तोडाल, दोन सर्व्हिसेसमधलं ट्रान्झॅक्शन अर्धवट राहिलं तर काय कराल, असं विचारलं की माझी उत्तरं पुस्तकी होतात. कॅप थिअरम (नेटवर्क तुटलं की डेटाची सुसंगती किंवा उपलब्धता यातलं एकच राखता येतं), सागा पॅटर्न (एक पायरी फसली तर आधीच्या पायऱ्या उलटवणं) वाचून झालंय, क्लाउडचं सर्टिफिकेटही केलंय. त्याने हा प्रश्न सुटला नाही. टीममध्ये डिझाइन वरून ठरून येतं, मला फक्त स्कीमा (टेबलांची रचना) विचारतात.

मॅनेजर व्हायचं नाही, कोडिंग सोडायचं नाही, आणि वर्षभर तरी नोकरी बदलता येणार नाही. अशा वेळी डिझाइनचे निर्णय घेण्याचा खरा अनुभव मिळावा म्हणून मी आत्ताच्या टीममध्ये नेमकं कोणतं काम मागून घेऊ?